चाराचे तीन

अण्णाचा पहिला स्कॅन इथे तंजावरातच झाला. त्याचा अहवाल दीड पानाचा होता. मी तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा जिथून निघालो तिथेच परत आलो. "असू शकेल", "नाकारता येत नाही", "लक्षणांशी ताडून पाहावे." प्रोस्टेटच्या एका भागात काहीतरी गडद दिसलं होतं. ती जुनी सूज असू शकेल, गाठही असू शकेल. केवढी, कोणत्या बाजूला, संशय किती, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर माझं शिक्षण त्याने केलं, लग्नही त्यानेच ठरवलं. समोर मी त्याला "तुम्ही" म्हणतो; लिहिताना मात्र "तो" येतं. हे तो वाचणार नाही. आमच्यासारख्या तंजावरच्या मराठी घरांत मराठी बोलण्यापुरती राहिली आहे. वडिलांनी मला देवनागरी शिकवली, पण अण्णाच्या वेळी त्यांचा धीर दोन महिन्यांत संपला होता.

लघवीला त्रास, मग रक्ताच्या तपासणीत वाढलेला आकडा, मग हा स्कॅन, असा क्रम होता. मूत्ररोगाच्या डॉक्टरांनी तो दीड पानाचा अहवाल वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. तरुण माणूस. अण्णाला मूल असतं तर त्याच वयाचं असतं.

"ही कहाणी झाली, अय्या," ते अण्णाला आदराने तमिळमध्ये म्हणाले. "मला अहवाल पाहिजे."

त्यांनी आम्हाला तिरुच्चीला एका मोठ्या केंद्रात पाठवलं. तिथे प्रोस्टेटचे स्कॅन ठरलेल्या एकाच पद्धतीने लिहितात, असं त्यांनी सांगितलं. वाचणारा कोणीही असो, मांडणी तीच, शब्द तेच, शेवटी एक ते पाच यांतला एक आकडा. एक म्हणजे घातक गाठ असण्याची शक्यता जवळजवळ नाही. पाच म्हणजे जवळजवळ नक्की.

मला हे ऐकून बरं वाटलं, हे लपवत नाही. मी पापनाशमच्या तालुका कचेरीत पिकांचे आकडे जुळवतो. कुठल्या गावात एकरी किती भात उतरलं, हे गावागावांतून लिहून येतं. एक गाव पोत्यांत लिहितं, दुसरं किलोंत, तिसरं "बरं आलं" एवढंच. अशा तीन गावांची बेरीज करता येत नाही. सगळे एकाच साच्यात लिहायला लागले तर अर्धं काम आपोआप होतं, हे मी आमच्या कचेरीत वीस वर्षं सांगत आलो आहे. आता डॉक्टर तेच म्हणत होते.

तिरुच्चीचा अहवाल आला तो खरोखर तसा होता. प्रोस्टेटचं एक रेखाचित्र, त्याचे आखून दिलेले भाग, उजवीकडच्या मागच्या भागात एक ठिपका. आकार अकरा मिलिमीटर. ग्रंथीच्या कवचाबाहेर काही नाही. संशयाचा आकडा चार.

"चार म्हणजे फर्स्ट क्लास," अण्णा मला मराठीत म्हणाला. "डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलं."

दवाखान्यात आम्ही मराठीतच बोलायचो. आजूबाजूच्यांना कळत नाही, त्यामुळे पडदा ओढल्यासारखं होतं. त्या पडद्याआड अण्णा सगळ्यांच्या नकला करायचा.

मग सुईने तुकडे काढून तपासले. कॅन्सर निघाला, पण थोडा, आणि सगळ्यात मंद जातीचा. डॉक्टरांनी समजावलं की अशा वेळी लगेच काही न करता लक्ष ठेवणं हाही उपचारच असतो. ठरलेल्या अंतराने रक्त तपासायचं, वर्षाने पुन्हा स्कॅन करायचा. वाढतोय असं दिसलं तर पाऊल उचलायचं. वाढला नाही तर माणूस कधीतरी दुसऱ्याच कशाने जातो.

"सरी," अण्णा म्हणाला, म्हणजे बरं. "बघत बसू."

ते वर्ष आमच्या घरांनी कसं काढलं ते बाहेरच्या कोणाला कळलं नाही. गल्लीत सांगितलं होतं, मूतखडा आहे. वहिनींनी पुन्नैनल्लूरच्या मारियम्मनला मावळक्कचा नवस बोलला. तांदळाचं पीठ आणि गूळ मळून त्याचा दिवा करतात, तूप घालून देवीपुढे लावतात आणि नंतर प्रसाद म्हणून खातात. अण्णाने मांस कधी खाल्लं नव्हतंच. त्याने तळलेलं सोडलं, दुपारची फिल्टर कापी सोडली, आणि का कोण जाणे, वांगं सोडलं. वांग्याचा काय संबंध, असं मी विचारलं तर म्हणाला, "काहीतरी सोडायला पाहिजे ना, म्हणून आवडतं ते सोडलं."

वर्ष भरलं. तिरुच्चीलाच पुन्हा स्कॅन केला. पाकीट मिळालं तेव्हा मी आत पावती घेत होतो. बाहेर आलो तर अण्णा गाडीला टेकून उभा, चष्मा कपाळावर, आणि अहवाल माझ्या तोंडासमोर नाचवतोय.

"चाराचे तीन! बघ, बघ. शेवटची ओळ बघ. तीन!"

शेवटच्या ओळीत खरंच तीन होतं. तो एवढा खूश होता की गाडी मीच चालवतो म्हणाला. वल्लमपर्यंत तो बोलत होता. वांगं सोडल्याचं फळ, वहिनीच्या देवीचं फळ, त्याच्या सकाळच्या चालण्याचं फळ. घरी पोचल्यावर त्याने वहिनींना दारातच सांगितलं, आणि त्या तशाच खाली बसल्या.

इथे अण्णाच्या नोकरीचं सांगायला हवं. तो सरकारी भात खरेदी केंद्रावर माल तपासायचा. दर हंगामाला वेगळं गाव, कालव्याकाठी ताडपत्र्या, पोत्यांच्या थप्प्या. पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसून मूठभर भात काढायचं, यंत्रात घालायचं आणि ओलाव्याचा आकडा वाचायचा. सतराच्या वर असला तर माल परत. शेतकरी भांडायचे, पाया पडायचे, आणि मग ते भात रस्त्यावर पसरून उन्हात वाळवून पुन्हा आणायचे. एकोणिसाचे सतरा झाले की पोतं आत. चौतीस वर्षं त्याने हेच केलं. आकडा खाली आला की माल सुधारला, याहून वेगळा आकडा त्याच्या आयुष्यात नव्हता.

त्या संध्याकाळी मी अहवाल घरी नेला आणि मागच्या वर्षीच्या अहवालाशेजारी ठेवला. ही माझी सवय आहे. रेखाचित्र तेच, ठिपका त्याच जागी. आकार अकरा मिलिमीटर, मागे होता तेवढाच. एक मिलिमीटरही हलला नव्हता. वरच्या भागात संशयाच्या आकड्यापुढे चार छापलेलं होतं. शेवटच्या ओळीतलं तीन त्याच्यापुढे नव्हतं. ते दुसऱ्याच एका शीर्षकाखाली होतं. ज्यांना आधीच कॅन्सर आहे आणि ज्यांच्यावर फक्त लक्ष ठेवलं जातंय, त्यांच्यासाठी मागच्या स्कॅनशी तुलना करून द्यायचा वेगळा आकडा. तोही एक ते पाच.

माझी खात्री होती, तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, "बरोबर. त्या तक्त्यात एक-दोन म्हणजे गाठ कमी झाली, तीन म्हणजे तशीच आहे, चार-पाच म्हणजे वाढली. तुमच्या भावाला सांगा, तीन ही चांगली बातमी आहे."

"त्याला वाटतंय कमी झाली."

ते थोडा वेळ पेन उघडझाप करत राहिले. "पुढच्या रक्ततपासणीला येतील ना ते?"

तोच प्रश्न होता. अण्णा आदल्या रात्री मला म्हणाला होता की आता दर तीन महिन्यांनी कशाला हात टोचून घ्यायचा, वर्षाने बघू, तोवर दोन होईल. एकदा का तो यायचा थांबला की लक्ष ठेवण्याला अर्थ उरत नाही. म्हणून सांगणं भाग होतं. मी दोन दिवस सवड शोधली आणि ती मिळाली तेव्हा अगदी नको तेव्हा मिळाली. ते दोघं नवस फेडून नुकतेच परत आले होते. अण्णा दाराबाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर, बसून मावळक्क खात होता. ताटली त्याने माझ्याकडे सरकवली.

"खा. तुझ्यासाठी तुपाची बाजू ठेवलीय."

"अण्णा, गाठीचा आकार पाहिलात का तुम्ही?"

"तीन आलंय म्हटल्यावर आकार कशाला?"

"अकरा मिलिमीटर. गेल्या वर्षीही अकराच."

"देव प्रसन्न झाला तर हा त्याचंही माप काढील," तो आत पाहून वहिनींना म्हणाला. पण खायचं थांबला होता.

मी सांगितलं. पहिला आकडा संशयाचा, हा बदलाचा. तीन म्हणजे कमी नाही, जास्त नाही. संशयाचा आकडा आहे तोच आहे.

"म्हणजे चाराचे चार."

"हो. पण हे चांगलं आहे. वाढली नाही, अण्णा. डॉक्टर म्हणाले चांगली बातमी आहे."

"तू डॉक्टरकडे जाऊन आलास?"

"परवा."

"मला न सांगता."

"खात्री करायला."

समोरून दुधवाल्याची मोपेड गेली, त्याला त्याने हात केला, नेहमीसारखा. मग म्हणाला, "ओलं भात पोत्यात भरलं. वर्षभर ठेवलं. वर्षाने यंत्र लावलं, ओलावा तेवढाच. त्या भाताला तू चांगलं म्हणशील?"

"हे भात नव्हे."

"भाताचं मला विचार. वर्षभर तेवढाच ओलावा असलेलं पोतं आतून उबलेलं असतं. यंत्राला ते कळत नाही. पोतं फोडलं की वास येतो."

"अण्णा, दोन्हीचा काही संबंध नाही."

"वर्षभर मी चार घेऊन फिरलो," तो म्हणाला. "आणि तुम्ही सगळे म्हणालात, बघत बसा."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, "भावोजी, ताटली तरी संपू द्यायची होती त्यांची."

मला वाटलं होतं तो घाबरून रक्त तपासायला नेमाने येईल. तसं झालं नाही. त्याने ठरवलं की पोतं फोडायचं, ग्रंथीच काढून टाकायची. आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी अर्धा तास दिला. बाहेर माणसं खोळंबली होती, तरी दिला. त्यांनी चित्र काढून दाखवलं की ग्रंथी कोठे असते, मूत्राशयाचं तोंड कोठे, काढताना काय काय दुखावू शकतं. लघवीवरचा ताबा जाऊ शकतो; पुष्कळांचा काही महिन्यांत परत येतो, काहींचा पूर्ण येत नाही. तुमची गाठ आज जशी आहे तशी असताना घाई करण्याचं कारण मला दिसत नाही, असं ते स्पष्ट म्हणाले.

"तंबी," अण्णा त्यांना म्हणाला. धाकट्या भावाला म्हणतात तसं तो त्यांना तंबी म्हणायचा. "माझ्या जागी तुमचा बाप असता तर काय केलं असतंत?"

"थांबा म्हटलं असतं."

"आणि त्याने ऐकलं असतं?"

"ते मला माहीत नाही."

अण्णा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "पोरगा घाबरतोय."

"तो घाबरत नाहीये. तो खरं सांगतोय."

"तूही खरंच सांगितलंस," अण्णा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

त्यानंतर दोन आठवडे मी त्याच्या मागे होतो. अहवाल समोर ठेवून पुन्हा समजावलं. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही तेच सांगितलं. पण रात्री झोप लागत नाही म्हणायचा. कुशीवर वळलं की आत काहीतरी आहे असं वाटतं. आधी वर्षभर त्याला असं कधी वाटलं नव्हतं, कारण तेव्हा तो ते आटतंय, वाळतंय असं धरून चालला होता. ज्या तिनाने मला हायसं वाटलं त्याच तिनाने त्याचा आधार काढून घेतला. तक्ता कुठे चुकला नव्हता. पण तो लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्या डॉक्टरने आपापसात ठरवलेला होता. ज्याच्या पोटातली गाठ, तो त्या ठरवण्यात कुठेच नव्हता.

शेवटी डॉक्टर म्हणाले, माणूस असा जगू शकत नसेल तर तेही एक कारण धरावं लागतं. ऑपरेशन आमच्या डॉक्टरांनीच तिरुच्चीला केलं; ते आठवड्यातून दोनदा तिथे बसतात. व्यवस्थित झालं. काढलेल्या ग्रंथीचा अहवाल आला, तोही आखीव. गाठ कवचाच्या आत, जात सुईने सांगितली होती तीच, त्याहून वाईट काही नाही. वहिनींनी हात जोडले. अण्णाने अहवाल मागितला नाही.

लघवीची नळी काढली त्या दिवसापासून गळायला लागलं. सुरुवातीला सगळ्यांचंच गळतं, असं सांगितलं होतं. व्यायाम दिले होते. ते तो करायचा, खरेदी केंद्रावर जायचा तशा शिस्तीने. महिने गेले. थोडं कमी झालं आणि तिथेच थांबलं. शिंकला, हसला, खुर्चीतून उठला की ओलं. पांढरी वेष्टी, आमच्याकडचं धोतर, त्याने कधी सोडली नव्हती, कामावरसुद्धा पांढरीच. ती आता कपाटात गेली. घरात गडद लुंगी, बाहेर काळी पँट, आत पॅड. बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, वहिनींनी रबराचा तुकडा अंथरून वर चादर घातली. कोणी आलं की तो बंगईवर बसायचाच नाही, उभ्याने बोलायचा आणि लवकर आत जायचा. मोठ्या देवळाच्या पटांगणातलं सकाळचं चालणं सुटलं. त्याच्या सोबतचे तिघे काही दिवस दारात येऊन हाका मारायचे, "काय ओ, मूतखडा अजून निघाला नाही का?" मग तेही यायचे थांबले. नकला त्याने केव्हा बंद केल्या ते माझ्या लक्षातही आलं नाही. एकदा वहिनी म्हणाल्या, हसलं की त्रास होतो ना, म्हणून.

वहिनींनी एकदा मला स्वयंपाकघरात विचारलं, तुम्ही त्या दिवशी बोलला नसतात तर? मी म्हटलं, वहिनी, मग ते तपासायला येणं सोडत होते. त्या म्हणाल्या, हो, तेही खरंच. आणि त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला. मी नको म्हणत होतो तरी.

मागच्या महिन्यात त्याला तपासणीसाठी तिरुच्चीला नेलं. रक्तातला आकडा जवळजवळ शून्य आला. डॉक्टर खूश होते. अण्णाने त्यांना तंबी म्हटलं नाही, नमस्कार केला आणि उठला. परतताना मी गाडी चालवत होतो, तो शेजारी. सेंगिपट्टी मागे गेल्यावर म्हणाला, "काढलेल्याचा अहवाल तू वाचलास ना?"

"वाचला."

"आत उबलं होतं?"

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. "नाही. सुईने सांगितलं होतं तेवढंच होतं."

"म्हणजे ठेवलं असतं तर चाललं असतं."

"तसंच राहिलं असतं किंवा वाढलं असतं."

"दोन्हींतलं एक सांग."

"ते सांगता येत नाही, अण्णा. कोणालाच."

"एक ते पाचात?"

तो चेष्टा करतोय असं क्षणभर वाटलं. तसं नव्हतं. त्याला आकडा हवा होता, आणि तो माझ्याकडे मागत होता. मी मनात एक धरलाही होता. पण तो कशावरून आला, हे मला दाखवता आलं नसतं, म्हणून बोललो नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "गाडी थांबव कोठे तरी."

पुढे पेट्रोल पंप होता. मागच्या सीटवरची पिशवी मी काढून दिली. तिच्यात पॅड, जुनं वर्तमानपत्र आणि एक जास्तीची पँट असते. कोपऱ्यातल्या संडासाची कडी आतून लागत नव्हती. "दार धर," तो म्हणाला. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. आत कागदाचा आवाज येत होता, मग पाण्याचा, मग बराच वेळ कसलाच नाही. एक माणूस आला, थांबायचं का म्हणून त्याने खुणेने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तो भिंतीमागे गेला.

"अण्णा?"

"आहे," आतून आवाज आला. "धर अजून."